समोरचा काठ तसाच राहू द्या

आमच्या गावच्या मामा तलावाच्या सुशोभीकरणाचा विषय येत्या ग्रामसभेत मांडला जाणार आहे. तलावाभोवती दगडी पिचिंग, पेव्हर ब्लॉकचा रस्ता, बाकडी आणि दिवे, असे त्याचे स्वरूप सांगितले जाते. या तलावावर मी लहानपणापासून गरी टाकून बसत आलो आहे, म्हणून माझा विरोध येथे सविस्तर नोंदवतो.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागात धानासाठी असे हजारो तलाव बांधले. 1950च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारांची मालकी, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यांची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे: उताराच्या बाजूला मातीची उंच पाळ असते, तर समोरच्या बाजूला जमीन इतकी हळूहळू चढत जाते की पाणी कोठे संपले आणि गवत कोठे सुरू झाले, हे पावसाळ्यात सांगता येत नाही. पाळीची डागडुजी अवश्य करावी. माझे म्हणणे या समोरच्या काठाविषयी आहे.

मरळ याच उथळ पाण्यात, वनस्पती बाजूला सारून केलेल्या मोकळ्या जागेत अंडी घालते. नंतर तांबूस पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरत असतो आणि आईबाप त्यांच्या खाली राहून राखण करतात. दहा-बारा वर्षांचा असताना अशाच थव्याजवळ मी गरी टाकली आणि राखण करणारी मरळ ताबडतोब लागली. शेजारी जाळे सोडवत बसलेले ढिवर, म्हणजे मासेमार समाजाचे, काका एवढेच म्हणाले, ‘‘पिल्लं हायेत तिच्यापाशी, सोडून दे बाबू.’’ मी ती सोडली, आणि तेव्हापासून आषाढ-श्रावणात त्या काठाला मी गरी टाकलेली नाही.

रोहू, कटला आणि मृगळ यांची गोष्ट वेगळी आहे. हे नदीचे मासे साठलेल्या पाण्यात आपोआप प्रजनन करत नाहीत, त्यामुळे त्यांचे बीज विकत आणून सोडावे लागते. मरळ, मागूर, शिंगी यांचे बीज मात्र तलाव स्वतःच तयार करतो, अट एवढीच की गवताळ काठ शिल्लक असला पाहिजे. तेथे दगड बसवले किंवा गाळ काढताना जेसीबीने काठ उभा कापला, तर अंडी घालायला जागाच उरत नाही. मी हौसेने बसणारा माणूस आहे, मासे मिळाले नाहीत तरी माझ्या घरी चूल पेटते. पण ज्या ढिवर कुटुंबांचे पोट या पाण्यावर आहे, त्यांचे काय, हा प्रश्न प्रस्ताव मांडणाऱ्यांनी त्यांना विचारलेला नाही, आणि मला याचा मनापासून राग येतो.

पैसा खर्च करायचाच असेल, तर काठावर माजलेली बेशरमाची झुडपे मुळासकट उपटावीत आणि त्यांच्या जागी स्थानिक पाणवनस्पती लावाव्यात. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर स्त्रियांनी पुढाकार घेऊन हे काम करून दाखवले आहे. वनस्पती खाणारा गवत्या मासा आपल्या तलावात सोडू नये. दिवेही नकोत, कारण रात्रीच्या अंधाराची सवय असलेले पक्षी आणि मासे तेथे राहतात.

ग्रामसभेत मी बोलणारच आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी त्याआधी एकदा सकाळी माझ्याबरोबर समोरच्या काठाला यावे. पिल्लांचे दोन थवे सध्या तेथे फिरत आहेत.