हौस तुमची, जाळं आमचं

परत जाळं फाटलं. तिनकाटी गळ, त्याला प्लास्टिकचा रंगीत मासा. ओढून ओढून निघेना म्हटल्यावर हौसेनं गळ टाकायला आलेल्या साहेबांनी तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, कापला आणि बसले दुसरा गळ बांधत. माझ्या कांडाळीला, म्हणजे पाण्यात उभ्या लावलेल्या जाळ्याला, हातभर भोक. विचारायला गेलो तर मलाच म्हणे, "जाळं इथं कशाला लावलंय?" मग कुठं लावू, तुमच्या बंगल्याच्या टाकीत?

सदलग्यापासून खाली कल्लोळला दूधगंगा कृष्णेला मिळते तिथपर्यंत रविवारी नुसत्या ह्या गळवाल्या हौशी साहेबांच्या गाड्या. कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव. गावातली पोरं वेळूच्या काठीला गांडूळ लावून बसतात, त्यांचं कोण काय बोलतंय? पण ह्या साहेबांच्या गळाच्या एका रिळाच्या पैशात माझी वर्षाची जाळी येतात, आणि वर मलाच शिकवतात. जाळंवाल्यांनी नदी रिकामी केली म्हणे!

हिशोब करा की जरा. परवान्याची फी मी भरायची, तंगूस मी घ्यायचा, बर्फ मी घ्यायचा, पेट्रोल घालून पहाटे बाजार मी गाठायचा. तिथं आंध्रच्या तळ्यातला रोहू-कटला ट्रकनं आधीच येऊन पडलेला. एका मापाचा, ढिगानं. भाव तोच ठरवतो. नदीच्या माशाला चव आहे म्हणून दोन रुपये जास्त मागितले की दलाल हसतो. मग त्याचं कमिशन, वर वजनात तूट. सोमवार, गुरुवार, एकादशीला गिऱ्हाईक नाही. श्रावणात तर विचारूच नका. हातात काय उरतं ते बायकोला सांगायची लाज वाटते. आणि साहेब मरळ धरतात, फोटो काढतात, फुकट घरी नेतात. कुणी विचारत नाही, पावती कुठाय?

मृगात तर कहर. पहिल्या पावसाला मासा अंडी घालायला वर चढतो, पोटात गाभोळी भरलेली. तेव्हा आम्ही जाळं गुंडाळून घरी बसायचं, आणि हे ‘चढणीचे मासे’ म्हणून पिशव्या घेऊन ओढ्यात. त्यांना कुणी निसर्गाचं व्याख्यान देत नाही. साखर कारखान्याच्या मळीनं मासा पोट वर करून तरंगतो तेव्हा ह्यातला एक तरी दिसला का काठावर? आमचंच जाळं तेवढं दिसतं. "आम्ही सोडून देतो" म्हणणारेही बघितलेत. जबडा फाडून, फोटोपुरता उन्हात धरून सोडलेला मासा किती जगतो ते दुसऱ्या दिवशी आम्हालाच दिसतं.

हौस करा, कोण नको म्हणतंय? पण रिळालाही परवाना पाहिजे, पैसे भरून. मृगात गळसुद्धा बंद. आणि जाळं फाडलं तर तिथल्या तिथं भरपाई. भरपाईशिवाय पुलाखालची गाडी हलली, तर पुढच्या रविवारी फोटोला मासा नाही, मी समोर उभा असेन.