संशयकल्लोळ करताय? मग आधी तसबीर कुणाकडे आहे ते ठरवा

पावसाळा लागला की कॉलेजांच्या नाट्यमंडळांत एकच धांदल सुरू होते: एकांकिका. काळे पडदे, मध्ये एक ठोकळा, शेवटी लाल स्पॉट आणि कुणाचा तरी मृत्यू. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी मराठी रंगभूमीला नट दिले, दिग्दर्शक दिले, हे मान्यच. पण तासाभरापलीकडे नाटक पेलायची सवय त्यातून लागत नाही आणि प्रेक्षकाला मोकळेपणी हसवायची तर अजिबातच लागत नाही. म्हणून स्पष्टच सांगायचं तर, ज्या कॉलेजात गळ्याची बरी दोन मुलं आहेत, त्यांनी एखाद्या वर्षी एकांकिका बाजूला ठेवून ‘संगीत संशयकल्लोळ’ पूर्ण लांबीचं करावं. गॅदरिंगमध्ये दोन पदं आणि एक प्रवेश उरकायचा, तसं नाही. अख्खं नाटक.

‘संगीत नाटक आम्हाला झेपणार नाही’ हे पहिलं उत्तर येतं. या नाटकापुरतं तरी ते खरं नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी हे आधी गद्य नाटक म्हणूनच लिहिलं. १८९३ सालचं, नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. त्याचा आधार आर्थर मर्फीचं ‘ऑल इन द राँग’ (१७६१), आणि मर्फीचा आधार मोलियेरचं ‘स्गानारेल’ (१६६०). पदं नंतर आली. देवल १९१६ च्या जूनमध्ये गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने संगीत रूप रंगमंचावर आणलं. बालगंधर्वांची नायिका रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव, ही जोडी तेव्हापासून दंतकथा होऊन बसली आहे. आपल्या कामाचा मुद्दा असा, की नाटकाचा कणा गद्य आहे. पदं कमी केली तरी तो मोडत नाही. बऱ्याच संगीत नाटकांबद्दल असं म्हणता येत नाही.

शिवाय देवलांना जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली, मूळ संहितेवर कुणाचा हक्क उरलेला नाही. मात्र अलीकडे कुणी तयार केलेली रंगावृत्ती वापरणार असाल तर त्या माणसाला विचारावंच लागेल. यूट्यूबवरचा प्रयोग बघून त्यातली कापाकापी जशीच्या तशी उचलणं हाही त्यातलाच प्रकार.

आता खरं काम. बहुतेक हौशी प्रयोग एकाच कारणाने पडतात: सगळ्यांना वाटतं हे विनोदी नाटक आहे. मग फाल्गुनराव डोळे वटारतो, त्याचा नोकर भादव्या कोलांट्या मारतो, बायको कृत्तिका किंचाळते आणि तिसऱ्या प्रवेशापर्यंत प्रेक्षक थकतो. या नाटकात हशा पिकतो तो कोण काय म्हणालं यावर कमी, कुणी काय पाहिलं यावर जास्त. रेवतीचा प्रियकर अश्विनशेट, त्याने आपली तसबीर तिला दिलेली. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, कृत्तिकेला घरातून नेमकं तेवढंच दिसतं. तसबीर रस्त्यात पडलेली, ती कृत्तिकेला सापडते. बायकोच्या हातात परक्या देखण्या पुरुषाचं चित्र, हे फाल्गुनराव पाहतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे आहे हे अश्विनशेट पाहतो. तिघांनीही जे पाहिलं ते खरंच आहे, फक्त अर्धं आहे. पूर्ण चित्र एकट्या प्रेक्षकाकडे. यातली एक नजर जरी प्रेक्षकाच्या लक्षात आली नाही, तरी पुढचे तीन प्रवेश नुसती भांडणं वाटतात.

म्हणून पहिल्या वाचनानंतर लगेच एक तक्ता करा. चार रकाने पुरतात: प्रवेश, तसबीर कुणाकडे, ती कुणी पाहिली, त्याला काय वाटलं. हाच तक्ता पुढे प्रॉपर्टी, म्हणजे मंचावर लागणाऱ्या वस्तू, सांभाळणाऱ्याच्या हातात आणि विंगेत चिकटवलेला असायला हवा. प्रयोगात हमखास होणारा घोटाळा म्हणजे मागच्या प्रवेशात तसबीर ज्याच्या अंगरख्यात राहिली तो नट कपडे बदलायला गेलेला असतो आणि इकडे कृत्तिका रिकाम्या रस्त्यावर वाकते. उपाय सोपा आहे. तसबिरीच्या तीन सारख्या प्रती करा: एक खेळात, दोन दोन्ही विंगांत. प्रत्येक प्रवेशानंतर तसबीर टेबलावर परत, त्याशिवाय नटाने मेकअपरूममध्ये पाऊल टाकायचं नाही.

तसबिरीचा आकारही महत्त्वाचा. त्या काळचा जाड पुठ्ठ्यावरचा कॅबिनेट फोटो साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा असे. रंगमंचावर पाच बाय सात इंच धरा, वर अर्धा इंच रुंदीची चौकट. याहून लहान केली तर पंधराव्या रांगेला ती पोस्टकार्ड वाटते, मोठी केली तर अंगरख्यात मावत नाही. काच अजिबात नको. स्पॉटखाली चमकते, चित्र दिसत नाही आणि पडली तर फुटते. मॅट कागदावर छापा. चित्र अश्विनशेट करणाऱ्या मुलाचंच हवं, तेही त्याच पगडीत आणि त्याच अंगरख्यात. म्हणजे वेशभूषा प्रयोगाच्या तीन आठवडे आधी पक्की व्हायला हवी. इंटरनेटवरून कुणातरी राजबिंड्याचा फोटो काढून चौकटीत घातला की पहिल्या पाच रांगांना ते कळतं, आणि मग त्यांचं लक्ष अश्विनशेटच्या नाकावर.

फाल्गुनरावाच्या अंगरख्याला आतून, डाव्या बाजूला, आठ इंच खोल खिसा शिवून घ्या. भाड्याच्या कपड्यांना तो नसतो. तसबीर उपरण्यात गुंडाळून काढणं फार सुंदर दिसतं, पण पंधरा-वीस वेळा केल्याशिवाय जमत नाही. तालमीच्या पहिल्या दिवसापासून उपरणं द्या, रंगीत तालमीची वाट बघू नका.

नेपथ्य तीनच जागांचं ठेवा: रस्ता, फाल्गुनरावाचं घर, रेवतीचं घर. कॉलेजच्या सभागृहाचा मंच पंचवीस-तीस फुटांचा असतो. पुढचे सहा फूट रस्त्याला द्या, त्यामागे एक रंगवलेला पडदा. रस्त्याचा प्रवेश पडद्यापुढे चालू असताना मागे घर बदलून घ्यायचं. ही जुन्या मंडळींची युक्ती आहे आणि आजही तिला तोड नाही. कृत्तिकेची खिडकी कुठे आहे यावर मात्र भांडा. ती विंगेला चिकटून असली तर त्याच बाजूच्या कोपऱ्यातल्या प्रेक्षकांना कृत्तिका दिसतच नाही, म्हणजे नाटकाची किल्लीच त्यांच्याकडे नाही. खिडकी विंगेपासून पाच-सहा फूट आत, तिरकी, दीड फूट उंच चौथऱ्यावर. फाल्गुनराव रेवतीला सावरतो तो क्षण मोजून खेळा: आधी खिडकीत कृत्तिका येऊ दे, प्रेक्षकाची नजर तिच्यावर जाऊ दे, मग घेरी. उलट क्रमाने केलंत तर सगळे रेवतीकडे पाहत राहतात, खिडकी कुणी पाहत नाही.

दुसरी अडचण स्वगतांची. आजच्या मुलांना ‘स्वगत’ आणि ‘एकीकडे’ म्हणजे काय हेच माहीत नसतं, कारण एकांकिकेत असा माणूस अंधारात उभा राहून पुटपुटतो. इथे पुटपुटायचं नाही. फाल्गुनरावाचं स्वगत म्हणजे तो प्रेक्षकाला साक्षीदार करतोय: बघा, तुम्हीच सांगा! मान पूर्ण प्रेक्षकाकडे, आवाज पूर्ण, वाक्य संपलं की मान परत जागेवर. त्या वेळी समोरच्या पात्राने पुतळा होऊ नये आणि ऐकूही नये. त्याला हाताला काम द्या: पान लावणं, पदर सावरणं, दिव्याची वात सारणं. काम खोटं असलं की लगेच कळतं. पानाचं तबक खरं आणा, चुना खरा नको. जीभ भाजलेली रेवती पुढचं पद गाऊ शकत नाही.

आणि फाल्गुनरावाला विनोदी नट शोधू नका. गंभीर नट शोधा, तो जितका दुःखी तितका प्रेक्षक हसतो. कृत्तिकेचंही तेच. ती कजाग बायको नाही, तिच्याकडे पुरावा आहे आणि नवऱ्याइतकाच भक्कम आहे. दोघांनाही संशयाचा सारखाच हक्क देणं ही देवलांची कमाल. कृत्तिकेला कर्कश केलं की ती वाया जाते आणि नाटक ‘बायका अशाच’ या पातळीवर घसरतं.

रेवती नायकिणीची, म्हणजे नाच-गाण्यावर जगणाऱ्या कलावंतिणीची, मुलगी आहे. हा शब्द गाळून तिला नुसती ‘शेजारची मुलगी’ करायची टूम हल्ली निघाली आहे, प्राचार्यांना आवडणार नाही म्हणून. कृपा करून हे करू नका. अश्विनशेट तसबीर दुसऱ्याच्या हातात पाहून इतका चटकन का फिरतो, त्याचं उत्तर त्या एका शब्दात आहे. त्याचं प्रेम खरं, पण तिच्या घराण्याबद्दल समाजाने भरवलेलं त्याच्याही डोक्यात आहेच. तो शब्द काढला की त्याचा संशय नुसता बालिश वाटतो आणि रेवतीचा राग लटका.

आता पदं. प्रयोग अडीच तासांचा, पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरून. राहतात एकशे पस्तीस मिनिटं. साडेतीन मिनिटांचं एक अशी अकरा पदं घेतली तर चाळीस मिनिटं जातात, गद्याला पंचाण्णव उरतात. याहून जास्त पदं घेऊ नका. कापताना अख्खं पद कापा, अर्धं नको. ज्या पदाने पात्राच्या मनाची स्थिती बदलते ते ठेवा: ‘मृगनयना’, ‘कुटिल हेतु तुझा फसला’, ‘संशय का मनी आला’ आणि शेवटचं ‘हृदयी धरा’ ही ठेवावीच लागतील. पद काढलं की त्याच्या आधीची दोन वाक्यंही तपासा. ती पदाकडे नेण्यासाठी लिहिलेली असतात, पद नसलं तर लोंबकळतात.

गायक निवडताना नुसतं गाणं ऐकू नका. दोन ओळी गायला सांगा आणि लगेच, श्वास न मोडता, पुढचं गद्य वाक्य बोलायला सांगा. निम्मी मुलं तिथे गळतात, बोलतानाही सुरातच राहतात. मैफलीचा गायक आणि नाटकातला गायक यांत फरक तो हाच. ताना आवरा. दहा मिनिटं मृगनयना आळवणाऱ्या अश्विनशेटची रेवती तोवर घरी निघून जाईल.

पट्ट्यांचा, म्हणजे कोण कुठल्या स्वराला ‘सा’ धरून गातो याचा, प्रश्न पहिल्या आठवड्यात सोडवा. मुलगा साधारण काळी एकला, मुलगी काळी चार-पाचला. म्हणजे दोन तबले आणि एक डग्गा, दोन्ही तबले प्रयोगाच्या अर्धा तास आधी सभागृहातच लावायचे. एसी सुरू झाला की त्यांचा सूर हलतो. ऑर्गन मिळाला तर उत्तम, नाहीतर चांगली हार्मोनियम चालते. कीबोर्ड नाइलाजानेच, आणि त्याच्या ट्रान्सपोज बटणावर एक माणूस नेमा. मागच्या पदाची पट्टी तशीच राहिली की पुढच्या पदात रेवतीचा आवाज फाटतो, दोष मात्र तिच्या रियाजाला. साथीदार तालमीला तिसऱ्या आठवड्यापासून हवेत. पदाच्या आधीच्या शेवटच्या दोन वाक्यांखाली पेटीवर हलकेच षड्ज (सा) धरायचा असतो, म्हणजे नटाला सूर शोधावा लागत नाही. वाक्य माहीत नसलेला पेटीवाला हे करू शकत नाही.

माइकचं थोडक्यात: कॉलर माइक उपरण्यावर खसखसतो, नथीला लागतो. पुरुषांना पगडीखाली कपाळावर, बायकांना केसांत भांगाजवळ चिकटवा. मंचाच्या कडेला तीन फ्लोअर माइक वेगळे.

नऊवारी शिवलेली चालेल, पण कृत्तिकेला जमिनीवर बसायचं-उठायचं असतं, तिला नेसवलेलीच द्या आणि तालमीत जुनी नेसूनच चालायला लावा.

तालमीत कुणी हसत नाही, हा या नाटकाचा मोठा सापळा. प्रयोगात हशा येतो आणि पोरं गोंधळतात: काही त्यावरून बोलत सुटतात, काही हशा पूर्ण विरेपर्यंत थांबतात. हशा वर जाऊन खाली यायला लागला की वाक्य टाकायचं, पूर्ण विरू द्यायचा नाही. हे सांगून कळत नाही. म्हणून प्रयोगाआधी दोन तालमी होस्टेलच्या किंवा दुसऱ्या विभागाच्या तीस-चाळीस मुलांसमोर करा, ज्यांनी नाटक वाचलेलं नाही अशा. कुठे हसतात ते संहितेवर टिपा. जिथे हसायला हवं आणि हसत नाहीत, तिथे विनोद कमी पडलेला नसतो. मागे कुठेतरी कुणीतरी काहीतरी पाहिलेलं प्रेक्षकाला दिसलेलं नसतं. तक्त्याकडे परत जा.

वन्स मोअरचं आधीच ठरवा. मित्रमंडळी पहिल्या पदापासून ओरडणार. पहिल्या अंकात एक, पुढे एक, बाकी नाही. फाल्गुनराव तसबीर हिसकावून घेत असताना मागचं पद पुन्हा सुरू झालं, की सगळी गाडी रुळावरून घसरते.

तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा असेल तर नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्यांच्याकडे तुम्ही प्रत्यक्ष करणार ती, कापलेली संहिता पाठवा, मूळ पुस्तकाची झेरॉक्स नको. ती कापलेली प्रत दिवाळीआधी तयार झाली तर जानेवारीतला प्रयोग निवांत होतो. डिसेंबरपर्यंत दिग्दर्शक अजून पदं घालतोय-काढतोय अशी स्थिती असेल, तर सभागृहाची तारीख पुढे ढकला.