कादंबरी लिहायला वयाचा दाखला लागतो का?

सतरा वर्षांच्या मुलीने कविता केली की सगळे म्हणतात, वा, छान, वाचून दाखव बघू. तिनेच कादंबरी लिहितेय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "अगो, पण तुला अनुभव तो किती?" गेल्या गणपतीत हा प्रश्न मला मुंबईहून आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने विचारला. आरती संपली, प्रसाद वाटून झाला, की चहाबरोबर हाच विषय. (फेसबुकवर लिहितेय, इन्स्टावर नाही, कारण ज्यांना हे सांगायचंय ती सगळी काका-मावशी मंडळी इथेच सापडतात.)

कवितेला वयाची अट कुणी घालत नाही. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली तेव्हा ते जवळजवळ माझ्याच वयाचे होते. त्यांना कुणी म्हणालं नाही, आधी नोकरीला लाग, लग्न कर, चार दुःखं भोग आणि मग निर्झरावर लिही. ज्ञानेश्वरांचं उदाहरण मात्र कृपा करून देऊ नका. ते दिलं की समोरचा माणूस हात जोडतो आणि विषय तिथेच संपतो.

माझं म्हणणं असं आहे. सतराव्या वर्षी काय वाटतं हे मराठीत बहुतेक चाळिशीतली माणसं लिहितात. आठवून लिहितात. आणि कोकणात कसं वाटतं हे बहुतेक कोकण सोडून गेलेली माणसं लिहितात. तेही आठवूनच. मी या दोन्हींच्या मधोमध बसलेय, सतरा वर्षांची आणि कोकणात, आणि हे चालू आहे तोवरच मला लिहायचंय. आठवण व्हायची वाट बघत बसायचं नाहीये.

वाचायला कशी लागले ते सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि बाणकोट खाडीच्या अलीकडे आमच्या दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपून काढलं. मी सातवीत गेलेली, म्हणजे कागदोपत्री, कारण कोरोनामुळे शाळा बंदच होत्या. आमच्या पट्ट्यात, हर्णै-आंजर्ल्याच्या आजूबाजूला, वाड्याच्या वाड्या झोपल्या. आमच्या आगरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, पोफळी एकमेकींवर अशा पडल्या होत्या की विहिरीपर्यंत जायला वाट राहिली नव्हती. कौलं उडाली, माळ्यावर पाणी गेलं आणि माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंकही भिजली.

ट्रंकेत पुस्तकं होती. आजीने ती सगळी ओटीवर आणली आणि वलणीवर टॉवेलांच्या शेजारी उलटी टांगली. जी जाड होती ती जमिनीवर उघडून ठेवली आणि मला काम दिलं, पानं चिकटू द्यायची नाहीत, एकेक सोडवत राहायची. वीज कित्येक आठवडे नव्हती, मोबाइल मेलेला, मग करणार काय? जे पान सुटेल ते वाचायचं. ओली पानं मधूनच सुटतात, पहिल्यापासून सुटत नाहीत. त्यामुळे आयुष्यातली पहिली मोठ्यांची कादंबरी मी मधून वाचायला सुरुवात केली, मग शेवट, मग कधीतरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरुवात. कोण कुणाचा कोण ते नंतर कळलं. आधी कळलं ते माणसांचं बोलणं, ते अगदी आमच्या ओटीवर चालल्यासारखं होतं. आजही एखादं प्रकरण अडलं की मी पुढचं कुठलं तरी लिहायला घेते, आणि ही सवय त्या ओल्या पानांनीच लावली असावी.

ती कादंबरी 'गारंबीचा बापू'. श्री. ना. पेंडशांचा जन्म मुर्डीचा, म्हणजे आमच्या इथून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावरचा. ते लहानपणीच मुंबईला गेले, पुढे बेस्टमध्ये नोकरी केली आणि १९५२ मध्ये 'बापू' आली तेव्हा चाळिशीला टेकले होते. साने गुरुजी पालगडचे, तेही आमच्याच तालुक्यातलं. त्यांनी श्यामचं बालपण लिहिलं ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, अवघ्या पाच दिवसांत. आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर हे माझे खास लाडके, कारण कुडाळात घरची खानावळ चालवता चालवता त्यांनी कविता लिहिल्या. पण 'रात्र काळी घागर काळी' आली १९६२ मध्ये, मुंबईला गेल्यानंतरच. म्हणजे खानावळीत कविता झाली, कादंबरीला मात्र मुंबई लागली.

या लोकांबद्दल माझी तक्रार काय असणार? त्यांच्यामुळे तर आपण राहतो ते गाव पुस्तकात असू शकतं हे मला कळलं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आठवणीतल्या कोकणात सगळे मुंबईला निघालेले किंवा मुंबईहून परत आलेले असतात. जे इथेच असतात ते वाट बघण्याच्या कामावर असतात. आम्ही वाट बघत नाही हो कुणाची. आम्हाला शनिवारी गेस्ट असतात.

वादळानंतर आगरचं उत्पन्न गेलं. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं घेते, तोवर घर कशावर चालवायचं? बाबांनी मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. आता शुक्रवारी चादरी धुणं, शनिवारी घावन आणि मासे, रविवारी मोदकांचं जेवण, सोमवारी परत चादरी. पुण्याचे एक गृहस्थ पडवीत झोपाळ्यावर बसून मला म्हणाले, "इथे काय शांतता आहे! इथे राहून कुणीही लेखक होईल." मी तेव्हा त्यांच्याच जेवणासाठी विळीवर नारळ खवत होते. सहा माणसांचं सांबारं म्हणजे किती नारळ, हे शांततेत राहणाऱ्यांनाच विचारावं.

आणि ती शांतता जुलैत येऊन बघावी. कागद सादळतो. पेन ओढावं तर शाई पसरते, वहीच्या कडा फुगतात, पुठ्ठ्यावर हिरवट बुरशी धरते. वही मी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवते, त्यामुळे माझ्या कादंबरीला धुराचा वास आहे. आता बरंचसं मोबाइलवर टाइप करते, पण वीज गेली की परत वही.

तरी पावसाचं एक मानते, तो माणसाला घरात बसवतो. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच झाला नाही, नुसता पाऊस आणि थंडी. जिनिव्हाच्या तळ्याकाठी काही मित्रमंडळी घरात अडकली आणि वेळ घालवायला भुताच्या गोष्टी रचू लागली. त्यातल्या अठरा वर्षांच्या मेरीने, म्हणजे पुढच्या मेरी शेलीने, 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी सुरू केली. १८१८ मध्ये ती छापून आली तेव्हा पुस्तकावर तिचं नाव नव्हतं. पण अठराव्या वर्षी प्रेताच्या तुकड्यांचा माणूस करण्याचा तिला कसला अनुभव होता, हे मला आमच्या पाहुण्यांना विचारायचंय. आमच्याकडे तर दरवर्षी चार महिने पाऊस असतो. इतक्या वर्षांत किती मेऱ्या व्हायला हव्या होत्या!

त्या का झाल्या नाहीत त्याचं एक कारण मला लिहायला लागल्यावर कळलं. माणसं गाव सोडल्यावर का लिहितात, तेही त्यातच आलं. गावात राहून गावावर लिहिणं महाकठीण आहे. सगळे आपापल्या परीने कादंबरीत आधीच येऊन बसलेले असतात. मी लिहिते हे कळल्यापासून शेजारच्या काकू मला बघितलं की थोडं हसून विचारतात, "माझ्यावर काय लिवलंस नाय ना गो?" हसत विचारतात, पण उत्तर ऐकल्याशिवाय जात नाहीत. मुंबईला बसून लिहिणाऱ्याला हे नसतं. तो लिहितो, छापतो आणि गणपतीपर्यंत लोक विसरलेले असतात. मला संध्याकाळी त्यांच्याकडूनच दूध आणायचं असतं.

माझ्या कादंबरीत दोन भावांची वाटणी आहे. कोकणातली कादंबरी आणि वाटणी नाही, असं कसं होईल? सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत, उरलेल्यातली निम्मी बोलत नाहीत. मी कुठलंही खरं घर घेतलेलं नाही. गाव बदललं, भावांची आडनावं बदलली, भांडण ज्यावरून होतं तो गडगासुद्धा (हद्दीची दगडी भिंत) पूर्वेचा पश्चिमेला नेला. एका दुपारी मी आंघोळीहून आले तर आई वाळलेल्या चादरींच्या ढिगावर बसून वही वाचत होती. माझ्या पोटात गोळा. ती बराच वेळ वाचत राहिली, एक पान मागे जाऊन परत वाचलं. मग म्हणाली, "हे असं नाही हां. तो गडगा आपलाच आहे. मोजणीला मी स्वतः उभी होते."

मी म्हटलं, आई, हे आपलं घर नाही.

"ते कळलं मला," ती म्हणाली. "पण लोकांना वाटेल ना, गडगा त्यांचा आहे म्हणून."

भाषा कशी आहे, गोष्ट कुठे चाललीय, यावर एक शब्द नाही. पण माझ्या लिहिण्यावर कुणी इतकं गंभीरपणे भांडेल असं मला वाटलं नव्हतं, आणि खरं सांगू, दिवसभर मी त्या आनंदात होते. गडगा पश्चिमेलाच ठेवलाय.

आता तुमची पिढी वाचत नाही, या लाडक्या विषयावर थोडं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. आपल्या जिल्ह्यात वाचनाची परंपरा किती जुनी, हे भाषणात ऐकायला छान वाटतं. पण गावातल्या मुलीला पुस्तक कसं मिळतं ते बघा. मी जाते ते वाचनालय (नाव नको) संध्याकाळी उघडतं. माझी कॉलेजवरून परतीची एसटी त्याच्या आधी सुटते, आणि त्यानंतरची मिळेलच याची खात्री नाही. म्हणजे पुस्तक हवं तर घरी अंधारात पोचायचं, आणि मुलगी अंधारात का पोचली याचा हिशेब चार जणांना द्यायचा. माझ्या भावाला कुणी विचारत नाही, पण त्याला पुस्तक नको असतं. बाबा बाजाराला जातात तेव्हा मी यादी देते आणि ते त्यातलं काहीही न आणता "हे चांगलं दिसलं" म्हणून तिसरंच आणतात. माझं वाचन निम्मंअधिक बाबांच्या "चांगलं दिसलं"वर चाललंय. एकदा त्यांनी शेळीपालनावरचं पुस्तक आणलं. तेही वाचलं, उपयोगी होतं.

तेव्हा रील बघतो म्हणून आम्हाला बोलण्याआधी एसटीचं वेळापत्रक बघा. रील रात्री अकरा वाजताही घरपोच येते.

माझ्या कादंबरीतली मुख्य मुलगी कोण, ते आता सांगते, कारण हा प्रश्न मेसेजमध्ये बऱ्याच जणांनी विचारलाय. तिचे वडील आंब्याच्या बागेत राखणदार आहेत, नेपाळहून आलेले. आमच्याकडे बागांच्या राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत, हर्णैच्या होड्यांवर नेपाळी खलाशी आहेत, हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. मराठी शाळांमध्ये पट टिकवायला त्यांची मुलं लागतात. ती आमच्याबरोबर बाकावर बसतात, शिमग्यात पालखीपुढे नाचतात, आमच्यापेक्षा शुद्ध मराठी लिहितात. मग कोकणावरच्या पुस्तकांत ती मला का भेटत नाहीत? मी सगळं वाचलेलं नाही, कुठे असतील तर जरूर सांगा. पण मला असं दिसतं, की आठवणीतल्या कोकणात ती नसणारच. लिहिणाऱ्यांनी गाव सोडलं तेव्हा ती आलेली नव्हती. ती बघायला आज इथे असावं लागतं, आणि असले अनुभव माझ्याकडे पाहुण्यांपेक्षा जास्त आहेत.

माझी एक मैत्रीण अशाच घरातली आहे. पहिलीपासून आम्ही बरोबर. मे महिन्यात बागेत आंबे उतरवायची गडबड असताना मी तिला प्रकरणं वाचायला दिली. ती पेट्या भरत होती, खाली पेंढा, मग फळांचा थर, परत पेंढा, आणि मधे मधे हात पुसून एकेक पान वाचत होती. मी आधीच सांगून टाकलं की नाव वेगळं आहे, बाग वेगळी आहे, कुणाला ओळखू येणार नाही, काळजी करू नको.

ती म्हणाली, "का बदललंस?"

मला उत्तर सुचेना. सगळा गाव मला आपलं नाव काढ म्हणून सांगतो.

"माझंच ठेव," ती म्हणाली. "आडनावासकट. आमचं आडनाव मराठी पुस्तकात छापलेलं मी अजून बघितलं नाही."

ते नाव मी इथे लिहीत नाही, ते आधी पुस्तकातच येईल. बारावी आहे, सीईटी आहे, दिवाळीत सगळ्या खोल्या बुक आहेत, त्यामुळे कधी येईल ते विचारू नका. सुरुवातीची प्रकरणं कुणाला वाचायची असतील तर मेसेज करा, पाठवते. आमच्या गावातल्यांनी करू नये.