‘सहा पाउंड बूस्टने काय होतंय?’ : सुपरचार्जर आणि मूळ इंजिनाच्या टिकाऊपणाबद्दलचा एक प्रतिवाद

मोटारप्रेमींमध्ये एक दावा अनेक वर्षे हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा : कारखान्यातून आलेल्या इंजिनाला न उघडता, आतला एकही भाग न बदलता सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप) बसवला आणि बूस्ट, म्हणजे त्याने वाढवलेला हवेचा दाब, सहा पीएसआयच्या (चौरस इंचाला सहा पाउंड) आत ठेवला, तर इंजिनाच्या आयुष्यावर काहीही परिणाम होत नाही. दाव्याच्या पुष्ट्यर्थ पाच कारणे दिली जातात. सहा पीएसआय हा किरकोळ दाब आहे. कंपन्या इंजिन दुप्पट ताकदीच्या हिशेबाने बनवतात. सुपरचार्जर टर्बोसारखा (एक्झॉस्टच्या वायूंवर चालणाऱ्या तशाच पंपासारखा) तापत नाही. चांगला ट्यून (इंजिनाच्या संगणकातली इंधनाची आणि स्पार्कची जुळणी) केला की उरलेला धोकाही संपतो. आणि कंपन्या स्वतःच वॉरंटीसह अशी किट विकतात, शिवाय लाख-लाख मैल धावलेल्या अशा गाड्या डोळ्यांसमोर आहेत.

सुपरचार्जर लावला की इंजिन वर्षभरात बसते, असे माझे म्हणणे नाही. तो दुसऱ्या टोकाचा तितकाच चुकीचा समज आहे. माझा आक्षेप मोजमापाला आहे. बूस्टचा आकडा आणि धावलेले मैल या दोनच गोष्टींवरून टिकाऊपणा ठरवला जातो, आणि या दोन्ही गोष्टी इंजिनाच्या आत काय घडते याविषयी फार थोडे सांगतात.

पहिले कारण दाबाचे. बूस्ट म्हणजे इंजिनात गेलेली हवा नव्हे, तर सुपरचार्जरने ढकललेली आणि इंजिनाला चटकन गिळता न आलेली हवा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) जो दाब निर्माण करते तो दाब. त्यामुळे त्याच सुपरचार्जरवर, त्याच पुलीवर, नुसता मोकळा एक्झॉस्ट बसवला तरी गेजवरचा बूस्ट उतरतो आणि सिलिंडरमधली हवा मात्र वाढते. म्हणजे आकडा खाली आणि इंजिनावरचा भार वर. तापमानाचा हिशेब त्याहून बोलका आहे. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय धरला तर सहा पीएसआय बूस्ट म्हणजे दाबात सुमारे ४१ टक्के वाढ. रूट्स पद्धतीच्या (दोन रोटरांनी हवा ढकलणाऱ्या) सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्के मानली, तर बाहेर ४० अंश असताना (ॲरिझोनातले फीनिक्स घ्या किंवा आपले नागपूर) त्यातून बाहेर पडणारी हवा सुमारे ९४ अंशांना पोहोचते. इतकी तापलेली हवा विरळ असल्याने ४१ टक्के दाब वाढूनही प्रत्यक्ष हवेचे वस्तुमान जेमतेम २० टक्के वाढते. मध्ये इंटरकूलर घालून हीच हवा ५६ अंशांवर आणली, तर वाढ ३४ टक्क्यांच्या आसपास जाते. दोन्ही गाड्यांच्या गेजवर सहाच दिसतील. पण एकीत ताकद कमी आणि नॉकिंगचा (मिश्रण अवेळी आपोआप भडकण्याचा) धोका जास्त, तर दुसरीत ताकद जास्त आणि धोका कमी. अशा वेळी ‘सहा पीएसआय सुरक्षित आहे’ या वाक्याला नेमका अर्थ उरत नाही.

याला जोडून एक गोष्ट हमखास विसरली जाते. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरच्या) पट्ट्याने फिरतो, म्हणजे स्वतःला लागणारी ताकद तो इंजिनाकडूनच घेतो. पाच लिटरच्या इंजिनाला मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांवर सहा पीएसआय द्यायचे, तर वरच्याच हिशेबाने निव्वळ हवा दाबण्यातच सुमारे तीस अश्वशक्ती खर्च होते. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) दिसणारी वाढ ही खर्च वजा जाता उरलेली असते. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) यांना मात्र तो खर्चही सोसावाच लागतो.

दुसरे कारण, म्हणजे कंपनी दुप्पट ताकदीच्या हिशेबाने इंजिन बनवते हे म्हणणे, तपासण्यासाठी एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे, कारण जनरल मोटर्सने हा प्रयोग स्वतःच करून ठेवला आहे. एकाच ६.२ लिटरच्या व्ही-८ कुळातली तीन इंजिने त्या कंपनीने जवळपास एकाच काळात विकली. २००८च्या कॉर्व्हेटमधले एलएस-३ सुपरचार्जरविना ४३० अश्वशक्ती देत असे आणि त्याचा कम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) १०.७ होता. २००९च्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीमधल्या एलएसएला १.९ लिटरचा ईटन सुपरचार्जर होता आणि ताकद ५५६. त्याच वर्षीच्या कॉर्व्हेट झेडआर-१मधल्या एलएस-९ला २.३ लिटरचा सुपरचार्जर होता आणि ताकद ६३८. इंजिन खरोखरच दुप्पट ताकदीच्या हिशेबाने बनवलेले असते, तर एलएस-३वर सुपरचार्जर ठेवून कंपनीचे काम भागले असते आणि पैसेही वाचले असते. कंपनीने तसे केले नाही. दोन्ही सुपरचार्ज्ड इंजिनांचा कम्प्रेशन रेशो ९.१पर्यंत खाली आणला, पिस्टनच्या खालून तेलाचा फवारा मारणारे नोझल दिले आणि पाण्याने थंड होणारा इंटरकूलर सुपरचार्जरच्या झाकणातच बसवला. एलएस-९मध्ये तर त्यापुढे जाऊन फोर्ज्ड (घडाई केलेले) पिस्टन, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, ११ ऐवजी १२ मिलिमीटरचे हेड बोल्ट आणि सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वापरले.

या उदाहरणातला एक तपशील दाव्याच्या बाजूनेही जातो आणि तो दडवण्यात अर्थ नाही. एलएसएचे पिस्टन फोर्ज्ड नव्हते. एलएस-३प्रमाणेच तेही ओतीव, सिलिकॉनचे प्रमाण जास्त असलेल्या ॲल्युमिनियमचे होते, आणि तरीही कंपनी त्यांच्यावर ५५६ अश्वशक्ती सोपवायला तयार होती. म्हणजे ‘ओतीव पिस्टन आहेत, सुपरचार्जर लावूच नका’ हा उलट बाजूचा सल्लाही टिकत नाही. कंपनीने पिस्टनचा धातू तोच ठेवला, पण त्याच्या भोवतालची परिस्थिती बदलली : कम्प्रेशन कमी, पिस्टनचा माथा थंड, आत येणारी हवा थंड. घरी किट बसवणारा माणूस यातली फार तर तिसरी गोष्ट करतो. पहिल्या दोन करायच्या तर इंजिन उघडावे लागते, आणि इंजिन न उघडणे हीच तर या दाव्याची मूळ अट आहे.

कम्प्रेशन रेशोला इतके महत्त्व का, याचे उत्तर नॉकिंगमध्ये आहे. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकले, तर दाबाच्या लाटा पिस्टनवर आदळतात. मूळ इंजिनात सर्वांत आधी हार मानतो तो पिस्टनच्या दोन रिंगांमधला अरुंद कडा. रिंगांच्या टोकांमधली फट कारखान्याने मूळ उष्णतेच्या हिशेबाने ठेवलेली असते. उष्णता वाढली की रिंग प्रसरण पावते, टोके एकमेकांना भिडतात, आणि रिंग सिलिंडरच्या भिंतीत रुतून तो कडाच उपटून काढते. हे झिजणे नव्हे. साठ हजार मैल निर्धास्त चाललेले इंजिन एका उन्हाळी दुपारी, एका घाटाच्या चढावर, काही सेकंदांत अशा रीतीने जाऊ शकते. म्हणूनच जुन्या माझदा मिआटाचा दाखला सरसकट लावता येत नाही. तिच्या १.६ लिटर इंजिनाचा कम्प्रेशन रेशो ९.४ होता, मूळ ताकद माफक होती आणि त्याच कुळातले टर्बो इंजिन कंपनीने ३२३ जीटीएक्समध्ये वापरलेलेही होते. छोट्या ईटन सुपरचार्जरसह ही इंजिने टिकली यात नवल नाही. २०१८नंतरच्या मस्टँग जीटीचा कम्प्रेशन रेशो १२ आहे. थेट सिलिंडरमध्ये होणाऱ्या इंधनाच्या फवाऱ्याने तिथे बरीच मदत होते हे खरे, पण मिआटाचे सहा पीएसआय आणि मस्टँगचे सहा पीएसआय यांना एका तागडीत घालता येत नाही. फोर्डने २०२०च्या शेल्बी जीटी-५००मध्ये स्वतः सुपरचार्जर बसवला, तेव्हा तिथला रेशो ९.५ ठेवला, हेही लक्षात घ्यावे.

कनेक्टिंग रॉडची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि त्यात टर्बोशी होणाऱ्या तुलनेचेही उत्तर मिळते. वेगाने फिरणाऱ्या इंजिनात रॉडला ताणणारे बल पिस्टनच्या वजनातून आणि फेऱ्यांच्या वेगाच्या वर्गातून (स्क्वेअर) येते. बूस्टने ते वाढत नाही. बूस्टने वाढते ते रॉडला दाबणारे बल, आणि कमी फेऱ्यांवर पिस्टनच्या जडत्वाचा त्याला होणारा विरोध क्षीण असल्याने रॉड वाकण्याचा धोका नेमका तिथे सर्वाधिक असतो. रूट्स किंवा स्क्रू पद्धतीचा सुपरचार्जर दोन-अडीच हजार फेऱ्यांवरच जवळजवळ पूर्ण बूस्ट देतो. लोकांना त्याचा पिकअप आवडतो तो यामुळेच, आणि रॉडची परीक्षाही तिथेच होते. सेंट्रिफ्यूगल (पंख्यासारख्या चाकाने हवा फेकणाऱ्या) सुपरचार्जरचा बूस्ट फेऱ्यांबरोबर चढत जातो, त्यामुळे खालच्या फेऱ्यांवर तो रॉडला सौम्य असतो. त्याचे सगळे ओझे वरच्या टोकाला येते. ‘सुपरचार्जर’ या एकाच नावाखाली दोन्ही यंत्रे घेऊन दिलेला निर्वाळा म्हणूनच अपुरा ठरतो.

आता तिसरे कारण, सुपरचार्जर तापत नाही हे. टर्बोचे कवच लालभडक होते आणि सुपरचार्जरचे होत नाही, एवढ्या दृश्यावरून हा समज रुजलेला दिसतो. हवा मुख्यतः तापते ती दाबली गेल्यामुळे, आणि चांगल्या टर्बोचा कम्प्रेसर जुन्या धाटणीच्या रूट्सपेक्षा अधिक कार्यक्षम असल्याने तेवढ्याच दाबाला तो हवा कमी तापवतो. एक्झॉस्टमधला अडथळा आणि त्यामुळे सिलिंडरमध्ये मागे राहणारे गरम वायू हा टर्बोचा खरा दोष आहे, आणि तिथे सुपरचार्जर सरस ठरतो. पण त्याबद्दल हा दावा काही बोलत नाही.

चौथे कारण ट्यूनचे. ट्यूनने इंधनाचे प्रमाण आणि स्पार्कची वेळ ठरते. रिंगची फट, रॉडची जाडी किंवा ऑइल पंप त्याने बदलत नाही. मस्टँगच्या ५.० लिटर कोयोटी इंजिनात ऑइल पंप थेट क्रँकशाफ्टवर बसतो आणि त्याचे गिअर धातूची भुकटी दाबून बनवलेले असतात. मूळ ताकदीला ते पुरतात; पण सुपरचार्जर लावून इंजिन वारंवार फेऱ्यांच्या मर्यादेवर आपटले, तर हे गिअर तडकल्याची उदाहरणे इतकी आहेत की ते बदलून अखंड पोलादाचे गिअर घालणे हे त्या इंजिनावरचे पहिले काम मानले जाते. गिअर तुटला की तेलाचा दाब शून्यावर येतो. एलएस कुळात क्रँकची पुढची पुली किल्लीविना, केवळ दाबून बसवलेली असते; सुपरचार्जरच्या पट्ट्याच्या ओढीने ती घसरू नये म्हणून त्या इंजिनांसाठीच्या अनेक किटमध्ये क्रँकला भोक पाडून पिन मारायची सूचना असते. किट विकणाराच भोक पाडायला सांगत असेल, तर ‘मूळ इंजिनाला हात लावावा लागत नाही’ हे कसे म्हणावे?

ट्यूनच्या बाबतीत भारतातल्या वाचकांसाठी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. अमेरिकेतून आलेल्या किटवर ‘किमान ९१ ऑक्टेन’ (पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता) असे लिहिलेले असते. तिकडच्या पंपावरचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो, आपल्याकडचा आकडा त्यातल्या एकाच, म्हणजे आरओएन चाचणीचा असतो. अमेरिकेतले ९१ हे आपल्या साधारण ९५ किंवा ९६च्या बरोबरीचे आहे, आपल्या ९१च्या नव्हे. त्यात तिकडचे ट्यून बहुधा दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर लिहिलेले असतात. आपल्याकडच्या वीस टक्क्यांच्या मिश्रणाला तेवढ्याच हवेसाठी सुमारे चार टक्के जास्त इंधन लागते. इथेनॉल नॉकिंग रोखायला मदत करते, हे खरे; पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर इंजेक्टर आधीच क्षमतेच्या टोकाला असतील, तर हे वाढीव इंधन येणार कुठून, याचा विचार ट्यून करणाऱ्याने आधीच केलेला असायला हवा.

उरले पाचवे कारण, वॉरंटीचे आणि मैलांचे. टोयोटाने आपल्या टंड्रा ट्रकसाठी टीआरडीचा (तिच्याच रेसिंग विभागाचा) सुपरचार्जर वितरकांमार्फत वॉरंटीसह विकला आणि ५.७ लिटरच्या इंजिनाची ताकद ३८१वरून ५०४ अश्वशक्तीवर नेली. दाव्याच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही. पण ती हमी विशिष्ट इंजिन, विशिष्ट किट आणि कंपनीनेच केलेली जुळणी यांच्या एकत्रित चाचणीवर दिलेली असते. ती दुसऱ्या इंजिनाला किंवा गल्लीतल्या गॅरेजात छोटी पुली घालून वाढवलेल्या बूस्टला लागू होत नाही. शिवाय फोर्डचे आकडे पाहा. मूळ मस्टँगच्या पॉवरट्रेनला वॉरंटी पाच वर्षे किंवा ६०,००० मैल असते. फोर्ड परफॉर्मन्सच्या सुपरचार्जर किटसोबत मिळणारी वॉरंटी तीन वर्षे किंवा ३६,००० मैल. काहीच परिणाम होत नसता, तर हा आकडा खाली आला नसता.

मैलांचा पुरावा यापेक्षा कच्चा आहे. रस्त्यावर संथ चालताना बायपास व्हॉल्व्ह उघडा असतो, हवा सुपरचार्जरभोवती फिरून परत जाते आणि मॅनिफोल्डमध्ये बूस्ट नव्हे, तर निर्वात असतो. त्या वेळी इंजिनाला सुपरचार्जर असून नसल्यासारखाच. लाख मैल धावलेल्या गाडीने पूर्ण बूस्टवर एकूण किती मिनिटे काढली, हे कोणी नोंदवत नाही. कारखान्यातल्या टिकाऊपणाच्या चाचणीत इंजिन शेकडो तास पूर्ण भाराखाली चालवले जाते. कामावर जाण्या-येण्यासाठी वापरलेली सुपरचार्ज्ड गाडी आणि दर महिन्याला ट्रॅकवर नेलेली तशीच गाडी यांच्या ओडोमीटरवर सारखे मैल दिसू शकतात. जुनी सुपरचार्ज्ड गाडी विकत घेणाऱ्याने म्हणून ओडोमीटर पाहण्यात वेळ घालवण्याऐवजी आधी प्रत्येक सिलिंडरची लीक-डाउन चाचणी (दाबलेली हवा किती गळते ते पाहणारी) करून घ्यावी आणि प्लग काढून त्यांच्या पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके (नॉकिंगने पिस्टन खाल्ला गेल्याची खूण) आहेत का, ते पाहावे.