गरोदर बाईला बाधणारी हवा बाकीच्यांना कशी मानवते?

२२ एप्रिलला वसुंधरा दिन, ५ जूनला पर्यावरण दिन आणि दोहोंच्या मध्ये, मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मातृदिन. या सहा-सात आठवड्यांत आई आणि धरती या दोघींचं इतकं कौतुक होतं की पुढचं वर्षभर कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही तरी चालतं. एकीला फुलं, दुसरीला रोपटं. मग दोघींनी आपापल्या कामाला लागायचं.

मला या कौतुकाचा संशय येतो. धरतीला आई म्हणण्यात आदर असेल, नाही असं नाही, पण त्यात आपली सोयही आहे. आई सगळं पोटात घालते आणि कधी हिशेब मागत नाही, असं एकदा ठरवून टाकलं की तिच्या अंगावर काहीही टाकायला आपण मोकळे. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब पाहा. पगारी बाईने दुसऱ्याचं मूल सांभाळलं तर ते उत्पन्न, आईने स्वतःचं सांभाळलं तर शून्य. जंगल तोडून लाकूड विकलं तर उत्पन्न, जंगल उभं राहिलं तर शून्य.

पण हे झालं उपमेपुरतं. या दोघींचं नातं उपमेच्या फार पलीकडचं आहे. ते रक्तात आणि हाडांत आहे.

शिसं घ्या. १९२०च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिसं मिसळलं जायचं आणि गाड्यांच्या धुरातून ते जगभर पसरलं. लहान मुलीच्या शरीरात शिरलेलं शिसं हाडांत जाऊन बसतं, कारण शरीर त्याला कॅल्शियमच समजतं. तिथे ते वीस-पंचवीस वर्षं गपगुमान राहू शकतं. पुढे तिला दिवस जातात. पोटातल्या बाळाला हाडं घडवायला कॅल्शियम हवं असतं, म्हणून आईची हाडं झिजून ते पुरवतात, आणि त्याबरोबर जुनं शिसंही रक्तात उतरतं. आईला बाळाशी जोडणारी वार (प्लासेंटा) त्याला अडवत नाही. म्हणजे आई शाळकरी असताना रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा धूर एका पिढीनंतर बाळापर्यंत पोहोचतो. शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ साली थांबलं. कालपरवाचीच गोष्ट म्हणायची.

यावर उपाय काय? एक तर पेट्रोलमधून शिसं काढणं. दुसरा, गरोदरपणात आईला पुरेसं कॅल्शियम मिळणं, म्हणजे तिची हाडं कमी झिजतात आणि शिसंही कमी सुटतं. यातला पहिला उपाय पर्यावरण खात्याचा आणि दुसरा आरोग्य खात्याचा, असं आपण म्हणतो. बाळाला या खातेवाटपाशी काय देणंघेणं?

वार बाळाला विषापासून वाचवते, असं डॉक्टरही एके काळी मानत होते. हा समज मोडला तो जपानमधल्या मिनामाताने. तिथल्या कारखान्याने पारा मिसळलेलं सांडपाणी खाडीत सोडलं, तो मासळीत आला, मासळीतून माणसांत. १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली. पण काही मुलं जन्मतःच अपंग होती आणि त्यांच्या आया मात्र जवळजवळ धडधाकट दिसत होत्या. मासाझुमी हाराडा या डॉक्टरांनी या मुलांचा पाठपुरावा केला: पारा आईच्या पोटातून बाळात गेला होता. पुढे पुरावा मिळाला तो घराघरांतून. जपानमध्ये बाळाची नाळ वाळवून छोट्या डबीत जपून ठेवायची रीत आहे. त्या नाळा तपासल्या तेव्हा कोणत्या वर्षी जन्मलेल्या बाळापर्यंत किती पारा पोहोचला होता, ते वर्षावार समोर आलं. सरकारी दप्तरात नसलेली नोंद आयांनी कपाटात सांभाळून ठेवली होती.

उलटी, चांगली नोंदही आहे. स्वीडनमध्ये १९७०च्या दशकापासून आईच्या दुधाचे नमुने तपासले जाताहेत. डीडीटी हे कीटकनाशक आणि विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी पीसीबी रसायनं यांच्यावर निर्बंध आल्यानंतर दुधातलं त्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं घटत गेलं. (हे वाचून कुणी बाळाला अंगावर पाजणं थांबवू नये. दूध बाळासाठी उत्तमच आहे, दोष त्यात मिसळणाऱ्यांचा आहे.)

आता मला जे मुळात म्हणायचंय ते.

आपण सुरक्षिततेची मापं कुणाच्या अंगावर बेततो? किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात १९७०च्या दशकात एक ‘प्रमाण मानव’ ठरवला गेला. वय २० ते ३०, वजन ७० किलो, उंची १७० सेंटिमीटर, गोरा, पश्चिम युरोपातला किंवा उत्तर अमेरिकेतला पुरुष. नंतर सुधारणा झाल्या, बायकामुलांचीही मापं आली. पण विचाराची सवय तीच राहिली: धट्टाकट्टा पुरुष हा नियम आणि पोटुशी बाई हा अपवाद. अपवादासाठी मग खाली बारीक अक्षरात सूचना. हे खाऊ नका, तिथे जाऊ नका, धुरापासून लांब राहा.

या सवयीचं टोक पाहायचं तर अमेरिकेतल्या नायगरा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनाल वस्तीत जावं. अर्धवट राहिलेल्या जुन्या कालव्यात रासायनिक कंपनीने सुमारे २१ हजार टन कचरा पुरला, वर माती टाकली आणि १९५३ मध्ये ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. शाळा झाली, घरं झाली. १९७८च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी धोका जाहीर केला. शाळा बंद, आणि कालव्याला लागून राहणाऱ्या गरोदर बायकांनी व दोन वर्षांखालच्या मुलांनी घर सोडावं, असा सल्ला. बाकीच्यांचं काय? मूल दोन वर्षांचं झालं की तळघरातलं विष उतरतं का? लॉइस गिब्ज या तिथल्याच आईने शेजारणींना घेऊन दारोदार विचारणा केली, कुणाचा गर्भपात झाला, कुणाचं मूल व्यंग घेऊन जन्मलं, ते नकाशावर मांडलं. आजार बुजलेल्या जुन्या ओढ्यांच्या वाटेने पसरलेले दिसत होते. अधिकाऱ्यांनी ती गृहिणींची निरुपयोगी माहिती म्हणून झटकली. शेवटी शेकडो कुटुंबं हलवावी लागली आणि १९८०च्या डिसेंबरमध्ये विषारी जागा साफ करण्याचा ‘सुपरफंड’ कायदा झाला.

मला त्या पहिल्या सल्ल्यातली गोम महत्त्वाची वाटते. जमीन गरोदर बाईला राहण्याजोगी नाही, हे मान्य होतं. त्यावरून जमीनच राहण्याजोगी नाही, असा निष्कर्ष काढायला मात्र कुणी तयार नव्हतं. सरळ उलट करून पाहा. हवा, पाणी, माती, शहरातला उन्हाळा, सगळ्याचं माप गरोदर बाईच्या अंगावर घ्या. तिला जे चालतं तेच चालतं. तिला जे बाधतं ते बंद.

उन्हाचंच घ्या. २०२० साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते आणि उष्णतेच्या लाटेत १६ टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. आणि जगात ज्या घरांत नळ नाही, त्यांतल्या दहापैकी सात घरांत पाणी आणायचं काम बायका-मुलींकडेच आहे. ‘दुपारी बाहेर पडू नका’ हा सल्ला ऐकायला बरा, पाणी कोण आणणार तेवढं सांगा.

इथे एक धोका आहे आणि पर्यावरणवाल्या मित्रांना तो आवडणार नाही. पृथ्वी वाचवायचं काम फिरून आईच्याच गळ्यात पडतं. कापडी लंगोट वापरा, ओला-सुका वेगळा करा, प्लास्टिकच्या बाटल्या टाळा, सगळं घरी बनवा. बरोबर आहे, पण धुणार कोण, वेगळं करणार कोण? रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला तुमच्या पोस्टने अपराधी वाटत असेल तर ते पर्यावरणाचं काम नव्हे. आधी बाबांनी लंगोट धुवावेत, मग कापडाचे गुण सांगावेत. लोकसंख्येचा भार मोजणाऱ्यांनाही हेच. बाईला शिक्षण, गर्भनिरोधनाची साधनं आणि झालेलं मूल जगेल याची खात्री मिळाली की ती सहसा स्वतःहूनच कमी मुलं होऊ देते. तिच्या गर्भाशयाला पृथ्वीचा नियंत्रणकक्ष करायची गरज नाही.

२०२३ मध्ये गरोदरपण आणि बाळंतपणाशी संबंधित कारणांनी जगात सुमारे २ लाख ६० हजार बायका गेल्या, म्हणजे दर दोन मिनिटांना एक. हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे, आणि यातले बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे. पुरात रस्ता तुटला म्हणून कळा थांबत नाहीत. म्हणून कुठलाही हवामान आराखडा हाती आला की झाडांचे आकडे मी नंतर बघते. आधी बघते ते प्रसूतिगृहाचं: पाणी वाढलं तर तिथली वीज कशावर चालणार, जनित्र तळघरात आहे की वर, आणि पूल वाहून गेला तर सुईण कुठल्या बाजूला असेल. याचं उत्तर दिलेला आराखडा कुणाच्या पाहण्यात असेल तर खाली टाका, मला वाचायचाय.