सात इंची ताटली

डॉक्टर म्हणाले सहा किलो उतरवा, तर मी घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर जेवण नाही बदललं, ताट बदललं. आमचं ताट म्हणजे बारा इंची, स्टीलचं, मागे आजोबांचं नाव आणि 1974 कोरलेलं, त्यात भाताची मूद ठेवली की बिचारी मैदानात हरवलेल्या पोरासारखी दिसते. आणि हे नुसतं माझं म्हणणं नाहीये, 1865 साली डेलबफ नावाच्या बेल्जियन माणसाने दाखवून दिलंय की तेच वर्तुळ मोठ्या कड्यात लहान वाटतं आणि लागून असलेल्या छोट्या कड्यात मोठं. म्हणून मी सहा ताटल्या आणल्या, सात इंची, निळ्या. निळ्या का, तर पांढऱ्या ताटलीत पांढरा भात मिसळून जातो आणि माणूस जास्त वाढून घेतो असं म्हणतात.

आई बघून म्हणाली, "अरे, ही तर बशी आहे."

पहिल्या दिवशी खरंच ताटली भरगच्च दिसली, डोळे तृप्त वगैरे झाले, पण छोट्या ताटलीची एक गोष्ट कुणी सांगत नाही की ती चार घासात रिकामी होते, आणि आमच्या घरात रिकामी ताटली म्हणजे बाईमाणसाच्या अब्रूचा प्रश्न. मोठ्या ताटात कसं, वरण एका कडेला लोटून "आहे अजून, आहे" म्हणता तरी यायचं. इथे लपवायला जागाच नाही. हात आडवा घातला तर ताटली पूर्ण झाकली जाते हे खरं, पण मग तूप बोटांवर. पाचदा वाढलं की मोठ्या ताटापेक्षा जास्तच होतं, हे गणित मला चौथ्या दिवशी सुचलं.

अमेरिकेत कॉर्नेलच्या वान्सिंक नावाच्या प्रोफेसरने 2005 मध्ये एक प्रयोग छापला होता, टेबलाखालून नळी लावून सूपचा बोल गुपचूप भरत ठेवायचा, लोक 73 टक्के जास्त प्यायले आणि त्यांना पत्ताच नाही. 2007 मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला देतात ते नोबेल, मिळालं. आमच्याकडे नळी वरून येते, तिच्या हातात डाव असतो, आणि ती म्हणते "एवढंसं तर वाढलंय". पुढे 2018 मध्ये त्याच प्रोफेसरचे सहा पेपर एका मोठ्या मेडिकल जर्नलने एका झटक्यात मागे घेतले, हे मी ताटल्या आणल्यावर वाचलं, बिल तोपर्यंत फाडून टाकलं होतं.

तरी मी नेटाने महिनाभर चालवलं. आणि मग थंडी पडली, गराडू आले, म्हणजे तळून खायचा तो कंद, आणि मी रात्री साडेदहाला इंदूरच्या सराफ्यात. आता बघा, छोटं भांडं, छोटा पोर्शन, हे शास्त्र सराफा किती वर्षांपासून पाळतोय. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर सगळं इवल्याइवल्या दोन्यात, म्हणजे द्रोणात, गराडू दोन्यात, भुट्ट्याचा कीस दोन्यात, वर जीरावन मसाल्याची चिमूट, एक दोना म्हणजे माझ्या निळ्या ताटलीच्या निम्मा पण नाही. आणि दोना खाऊन झाला की डब्यात टाकायचा, म्हणजे पुरावा पण शिल्लक नाही, किती झाले कोण मोजतंय. गराडूवाला लिंबू पिळता पिळता म्हणाला, "भिया, थोडा सा तो है." अगदी आईचं वाक्य, फक्त हिंदीत. सातव्या दोन्यानंतर मी मोजणं सोडलं, आणि रबडीला मी जेवणात धरतच नाही.

डॉक्टरांच्या काट्यावर सव्वा किलो वाढलं.

आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सहाच्या सहा ताटल्या वाण म्हणून वाटून टाकल्या, मला विचारलं पण नाही. परवा समोरच्या काकूंकडे किल्ली द्यायला गेलो तर त्यांनी बसवलंच, आणि आतून पोहे आले, वर सेव, सेवेवर कांदा, डाळिंबाचे दाणे, असा डोंगर की खालचा निळा रंग दिसायला मला अर्धे पोहे खावे लागले.

"संपव रे," काकू म्हणाल्या, "बशीभर तर आहेत."