अळी पडलेली वैरण खाऊन म्हैस मरते म्हणे!

हा मेसेज आठवड्यात चौथ्यांदा आला, आणि काल तर आटपाडीच्या आत्यानं फोन करून पूर्ण वाचून दाखवला. लष्करी अळी विषारी हाय, ती पडलेला मका नायतर हत्तीगवत खाल्लं की जनावर मरतं, अळी परदेशातनं मुद्दाम सोडलीय, तिचा पतंग रातोरात गवत फस्त करतो, म्हणून माळ-बांध पेटवा, अळी मुळासकट जाईल. खाली मेलेल्या म्हशीचा फोटो आणि 'पुढे पाठवा'.

विषाचं आधी, कारण भीती त्याचीच हाय. लष्करी अळीच्या अंगात विष नाही, विषारी केसही नाहीत. आमच्या मक्याचा पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, उघडला की आत ओल्या भुश्श्यासारखी घाण आणि मधोमध ही बाई बसलेली, डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडं चौकोनात चार काळे ठिपके. वेचून अंगणात टाकली की कोंबड्या एकमेकींच्या अंगावर पडतात, आजवर एक दगावली नाही. हां, 2001 साली अमेरिकेत केंटकीला अळ्यांमुळं लय घोड्या गाभडल्या होत्या हे खरंय, पण ती अळी केसाळ, चेरीच्या झाडावर जाळं करून राहणारी, आपल्या मक्याशी तिचा संबंध नाही.

मग जनावर मरतं कशानं? बऱ्याचदा आपल्याच हातानं. अळी दिसली की पंप पाठीवर, आणि चार दिवसांनी तोच मका कापून दावणीला. फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, अक्षर मुंगीएवढं असतंय हे मान्य, पण वाचा. दुसरं म्हणजे कोवळी ज्वारी. पावसानं ताण दिला की गुडघाभर ज्वारीत सायनाइड वाढतं, उपाशी जनावर त्यात शिरलं तर बघता बघता आडवं होतं, आणि पानावर चार भोकं दिसली की नाव अळीचं.

परदेशातनं आली हे अर्धं खरं. अमेरिकन लष्करी अळी मूळची तिकडचीच, 2016 ला आफ्रिकेत दिसली, 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. मुद्दाम सोडायला कशाला पाहिजे, पतंग वाऱ्यावर एका रात्रीत 100 किलोमीटर जाऊ शकतो आणि जत तालुका तर कर्नाटकाला खेटूनच हाय. शिवाय आपली देशी लष्करी अळी आधीपासून इथंच हाय, ज्वारी, बाजरी, भात, गवत सगळं खाते, झुंडीनं सरकते म्हणून तर लष्करी.

पतंग गवत खात नाही, त्याला तोंडाच्या जागी रस ओढायची सोंड असते. पण मादी हजारावर अंडी घालते, पानावर पुंजक्यानं, वर कापसासारखं आवरण, ते पुंजके चुरगाळा की! मादीच्या वासानं ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग सापडतात, त्यानं अळी संपत नाही, पण रानात कधी बघायचं ते कळतं.

आणि पेटवण्याचं म्हणाल तर, मोठी झालेली अळी जमिनीत उतरून कोष करते. आम्ही खुरप्यानं बोटभर माती उकरली तर करंगळीच्या पेराएवढा तांबूस चकचकीत कोष निघाला, हातात घेतला तर शेपूट हलवत होता. गवताची आग भुर्रकन वरनं निघून जाते, खाली ह्याला काय कळतंय? जळतात ती टिटवीची अंडी, चंडोलाची घरटी, म्हणजे अळ्या खाणारी पाखरंच. वर मार्चमधला वाळलेला माळ पेटवून उपयोग काय, अळीला हिरवं लागतं. अळीनं कुरतडलेलं गवत पाऊस-पाणी मिळालं की बुडातनं परत फुटतं, जाळलेली वैरण मात्र गेलीच.

हे सगळं ऐकून आत्या म्हणाली, "मग फोटोतली म्हैस कशानं मेली रं?" आत्या, तोच फोटो मागच्या पावसाळ्यात 'वीज पडून म्हैस ठार' म्हणून आला होता, तूच पाठवलेलास.